सोळाचे छत्तीस महिने कसे झाले: विधेयक समितीकडे जाते तेव्हा

सरोगसीचे नियमन करणारा कायदा संसदेने डिसेंबर २०२१ मध्ये संमत केला. दुसऱ्या जोडप्याचे मूल आपल्या पोटात वाढविणाऱ्या स्त्रीचा ३६ महिन्यांचा आरोग्य विमा उतरविणे या कायद्याने त्या जोडप्यावर बंधनकारक केले आहे. लोकसभेने ऑगस्ट २०१९ मध्ये हेच विधेयक संमत केले, तेव्हा विम्याचा कालावधी १६ महिन्यांचा होता. म्हणजे गर्भारपणाचे नऊ महिने वजा केले तर बाळंतपणानंतरच्या दुखण्यांसाठी त्या स्त्रीच्या वाट्याला जेमतेम सात महिने येत होते. पुढे राज्यसभेने हे विधेयक २३ सदस्यांच्या प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एका विधेयकापुरत्या नेमलेल्या समितीकडे, सोपविले. समितीने त्याचा एकेक खंड, म्हणजे एकेक कलम, तपासला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सादर केलेल्या अहवालात १६ च्या जागी ३६ हा आकडा सुचविला. सरकारने तो मान्य केला. त्या स्त्रीला मिळालेले वाढीव वीस महिने समितीच्या बैठकांमधून आलेले आहेत.

संसदेचे कामकाज आपण पाहतो ते दूरचित्रवाणीवर, आणि तिथे दिसते ते भरलेले किंवा रिकामे सभागृह, घोषणा आणि आवाजी मतदान. कायद्याचा शब्दन् शब्द जिथे वाचला जातो ती समितीची खोली कॅमेऱ्यात येत नाही, त्यामुळे या टप्प्याविषयी सर्वसामान्य नागरिकाला फार कमी माहिती असते. विधेयक समितीकडे कसे जाते, कोण पाठविते, आत काय होते आणि समितीने सांगितलेले कोणावर बंधनकारक असते, हे समजून घेतले तर बातम्यांमधील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

विधेयकाची तीन वाचने

कायदा होण्याआधी त्याच्या मसुद्याला विधेयक म्हणतात आणि प्रत्येक सभागृहात त्याची तीन वाचने होतात. पहिले वाचन म्हणजे विधेयक मांडणे. मंत्री सभागृहाची अनुमती मागतात, ती मिळाली की विधेयक मांडले जाते, आणि उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडलेली त्याची प्रत सदस्यांना व जनतेला उपलब्ध होते. दुसऱ्या वाचनाचे दोन भाग असतात. आधी विधेयकामागील तत्त्वावर चर्चा होते आणि नंतर एकेका खंडावर व त्यावरील दुरुस्त्यांवर मतदान होते. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयक संमत करावे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

दुसऱ्या वाचनाच्या तोंडाशी चार वाटा फुटतात. विधेयक लगेच विचारात घ्यावे, असा प्रस्ताव मंत्री मांडू शकतात. ते त्याच सभागृहाच्या प्रवर समितीकडे पाठवावे, असे सुचवू शकतात. दुसऱ्या सभागृहाच्या संमतीने दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे सोपवावे, असे म्हणू शकतात. किंवा लोकमत आजमाविण्यासाठी ते प्रसृत करावे, असेही म्हणू शकतात. विरोधी सदस्यही समितीची मागणी करणारा प्रस्ताव देऊ शकतात, पण त्याचा निर्णय मतदानाने होतो आणि मतदानात बहुमत सहसा सरकारच्या बाजूने असते.

याखेरीज पाचवी वाट आहे, आणि गेल्या तीस वर्षांत तीच अधिक वापरली गेली. विधेयक मांडले गेल्यावर लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती ते विभागांशी संबंधित स्थायी समितीकडे पाठवू शकतात. या वाक्यातील ‘शकतात’ या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आपल्या संसदेच्या नियमांत ‘पाठविलेच पाहिजे’ असे कुठेही म्हटलेले नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये दुसरे वाचन झाले की बहुतेक विधेयके आपोआप समितीच्या टप्प्यावर जातात. न पाठविणे हा तिथे अपवाद मानला जातो. आपण संसदीय पद्धत तिथून घेतली, पण हा टप्पा मात्र ऐच्छिक ठेवला, आणि पुढे येणारे बहुतेक वाद या एका गोष्टीतून निर्माण झालेले आहेत.

कायम समित्या आणि एका कामापुरत्या समित्या

स्थायी समित्यांची सुरुवात १९८९ मध्ये कृषी, विज्ञान व तंत्रज्ञान आणि पर्यावरण व वने या तीन विषयांपुरती झाली. १९९३ मध्ये त्या प्रयोगाचा विस्तार होऊन सर्व मंत्रालयांना कवेत घेणाऱ्या १७ समित्या नेमण्यात आल्या, तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी लातूरचे शिवराज पाटील होते. २००४ मध्ये समित्यांची संख्या २४ झाली. त्यांपैकी १६ लोकसभेच्या अध्यक्षांच्या आणि ८ राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीत असतात. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात आणि सर्व पक्षांना त्यांच्या संख्याबळाच्या प्रमाणात जागा मिळतात. मंत्र्याला स्थायी समितीचे सदस्य होता येत नाही, आणि एखादा सदस्य मंत्री झाला तर त्याचे समितीचे सदस्यत्व संपते. ज्याच्या विधेयकाची तपासणी करायची तोच तपासणाऱ्यांत बसू नये, हा त्यामागचा साधा विचार आहे.

या समित्या कायम असल्या तरी सदस्यांची मुदत मात्र वर्षभराचीच असते. विधेयकाचा अर्धा अभ्यास झालेला असताना समितीची पुनर्रचना व्हावी आणि नव्या सदस्यांनी पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करावी, असे त्यामुळे होऊ शकते. एखाद्या विषयात जाणकार व्हायला खासदाराला किमान दोन-तीन वर्षे लागतात, त्यामुळे ही मुदत मला फार अपुरी वाटते.

प्रवर समिती आणि संयुक्त समिती या मात्र एकेका विधेयकासाठी जन्माला येतात आणि अहवाल सादर झाला की विसर्जित होतात. त्यांचे सदस्य कोण आणि किती, हे समिती नेमणाऱ्या प्रस्तावातच लिहिलेले असते. संयुक्त समितीत लोकसभेचे दोन सदस्य असतील तर राज्यसभेचा एक, असे प्रमाण साधारणपणे पाळले जाते. धनविधेयक, म्हणजे केवळ कर, सरकारी खर्च अशा आर्थिक बाबींचे विधेयक, संयुक्त समितीकडे पाठविता येत नाही, कारण अशा विधेयकावर राज्यसभा केवळ शिफारशी करू शकते आणि त्या स्वीकारणे किंवा नाकारणे लोकसभेच्या हाती असते.

दोन्ही प्रकारांतील खरा फरक अधिकाराचा आहे. स्थायी समिती सल्ला देते. तिचा अहवाल म्हणजे विचारपूर्वक दिलेला सल्ला समजावा आणि त्याचे मूल्य मन वळविण्यापुरते असावे, असे नियमांतच म्हटले आहे. प्रवर किंवा संयुक्त समिती मात्र विधेयकाच्या मजकुरालाच हात घालते. तिच्या अहवालासोबत विधेयकाचा सुधारलेला मसुदा जोडलेला असतो, आणि ‘समितीने सादर केलेल्या स्वरूपातील विधेयक’ विचारात घ्यावे, असा प्रस्ताव त्यानंतर सभागृहापुढे येऊ शकतो. शेवटचा शब्द अर्थातच सभागृहाचा असतो.

सरोगसीचे विधेयक या दोन्ही प्रकारच्या समित्यांकडे गेले होते, म्हणून हा फरक समजून घेण्यासाठी ते फार उपयोगी आहे. पहिले विधेयक २०१६ मध्ये मांडले गेले आणि आरोग्य मंत्रालयाच्या स्थायी समितीकडे पाठविण्यात आले. तिने ऑगस्ट २०१७ मध्ये अहवाल दिला. सरोगेट माता जवळची नातेवाईकच असली पाहिजे ही अट काढावी, लग्नानंतर पाच वर्षे थांबण्याची अट एका वर्षावर आणावी, विधवा व घटस्फोटित स्त्रियांनाही ही सोय खुली करावी, आणि मूल वाढविणाऱ्या स्त्रीला केवळ वैद्यकीय खर्च न देता वाजवी मोबदला मिळावा, असे समितीने सांगितले. जवळच्या नात्यातील स्त्रीवर घरच्यांचा दबाव येऊ शकतो आणि तिला नाही म्हणणे कठीण जाते, हा त्यामागील मुद्दा आपल्या कुटुंबव्यवस्थेची जाण असलेला होता. सरकारने यातील मुख्य शिफारशी मानल्या नाहीत. विधेयक जवळपास मूळ स्वरूपातच डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले, राज्यसभेत अडले, आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १०७ नुसार व्यपगत झाले, म्हणजे आपोआप रद्द झाले.

नव्या लोकसभेने विधेयक पुन्हा संमत केले आणि ते नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले. भूपेंद्र यादव या समितीचे अध्यक्ष होते, म्हणजे अध्यक्षपद सत्तारूढ पक्षाकडेच होते. तरीही या समितीने जवळच्या नातेवाइकाची अट काढून ‘स्वेच्छेने तयार असलेली स्त्री’ असे शब्द सुचविले, पाच वर्षांच्या प्रतीक्षेवर आधारलेली वंध्यत्वाची व्याख्या वगळली, ३५ ते ४५ वर्षे वयाच्या विधवा व घटस्फोटित स्त्रियांचा समावेश केला आणि विम्याचा कालावधी ३६ महिने केला. यातील बरेच काही पुढे कायद्यात आले. स्थायी समितीने २०१७ मध्ये सांगितलेले आणि सरकारने बाजूला ठेवलेले मुद्दे अशा रीतीने दुसऱ्या समितीच्या दाराने परत आले. मोबदल्याची शिफारस मात्र आली नाही; व्यावसायिक सरोगसीवरील बंदी कायम राहिली आणि मोबदल्याच्या बाजूने केलेला युक्तिवाद २०१७ च्या अहवालातच राहिला.

बंद दाराआड काय चालते

समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. प्रथम संबंधित मंत्रालयाचे अधिकारी येऊन विधेयक का हवे आणि प्रत्येक खंडाचा हेतू काय, हे सांगतात. विधी मंत्रालयाचे अधिकारीही हजर असतात. मग समिती वर्तमानपत्रांतून आणि संसदेच्या संकेतस्थळावरून सूचना मागविते. आलेल्या निवेदनांतून काही व्यक्तींना व संस्थांना प्रत्यक्ष साक्षीसाठी बोलाविले जाते. डॉक्टर, वकील, कामगार संघटना, उद्योगांचे प्रतिनिधी, राज्य सरकारे असे वेगवेगळे लोक समितीपुढे येतात. बैठकीसाठी एक तृतीयांश सदस्यांची गणपूर्ती लागते. सर्वांचे म्हणणे ऐकून झाले की समिती खंडवार विचार करते, आणि माझ्या मते सगळ्या प्रक्रियेचे सार या टप्प्यात आहे. ‘आणि’ हवे की ‘किंवा’, ‘देईल’ म्हणायचे की ‘देऊ शकेल’, नोटीस मिळाल्यापासूनची मुदत तीस दिवसांची असावी की साठ, असे प्रश्न इथे विचारले जातात. ५४३ जणांच्या सभागृहात हे काम होऊ शकत नाही, आणि त्यासाठी सभागृहाकडे वेळही उरलेला नाही. पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत ६७७ बैठका झाल्या होत्या. सतराव्या लोकसभेच्या २७४ झाल्या.

समितीचे आणखी एक वैशिष्ट्य सहसा सांगितले जात नाही. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीतील मतदानाविषयीची तरतूद सभागृहातील मतदानाला लागू आहे. पक्षादेशाविरुद्ध सभागृहात मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते, समितीत तसे होत नाही. त्यामुळे एखाद्या साक्षीदाराचे म्हणणे पटले तर सत्तारूढ पक्षाचा खासदारही आपले मत बदलू शकतो. बैठका कॅमेऱ्यापुढे व्हाव्यात, असे अनेकांना वाटते. पारदर्शकतेचा तो आग्रह मला समजतो, पण कॅमेरा आला की माणूस समोरच्या सहकाऱ्याशी बोलण्याऐवजी मतदारसंघाशी बोलू लागतो, आणि मत बदलण्याची ती मोकळीक आक्रसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

समितीचा प्रयत्न एकमताचा असतो. ते झाले नाही तर बहुमताने निर्णय होतो आणि ज्यांना तो मान्य नाही ते भिन्नमतपत्रिका जोडतात. ही भिन्नमते अहवालाबरोबर छापली जातात, आणि कायद्यावर पुढे जे आक्षेप घेतले जातात त्यांतील पुष्कळांची पहिली नोंद तिथे सापडते. वाचकांनी एखादा अहवाल उघडला तर मुख्य शिफारशींइतक्याच काळजीने ही पाने वाचावीत.

वक्फ (सुधारणा) विधेयकावरील संयुक्त समितीत ही विभागणी अगदी स्पष्ट दिसली. ऑगस्ट २०२४ मध्ये मांडलेले हे विधेयक ३१ सदस्यांच्या समितीकडे गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिने आपला अहवाल १५ विरुद्ध ११ मतांनी स्वीकारला. सत्तारूढ आघाडीच्या सदस्यांच्या १४ दुरुस्त्या मान्य झाल्या आणि विरोधकांच्या सर्व दुरुस्त्या मतदानाने फेटाळल्या गेल्या. समितीत पक्षादेश लागू नसला तरी पक्षरेषा पुसल्या जातातच असे नाही, आणि विषय जितका तापलेला तितकी समिती सभागृहाची लहान प्रतिकृती होण्याची शक्यता अधिक, हे मान्य केले पाहिजे.

अहवाल आल्यानंतर

शिफारशी पुष्कळ असतील तर जुन्या विधेयकाला दुरुस्त्यांची ठिगळे लावण्याऐवजी सरकार ते मागे घेते आणि नवे मांडते. नव्या प्राप्तिकर कायद्याचे असेच झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेले विधेयक बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील लोकसभेच्या ३१ सदस्यांच्या प्रवर समितीकडे गेले, जुलैमध्ये समितीने २८५ शिफारशी केल्या, आणि ऑगस्टमध्ये मूळ विधेयक मागे घेऊन दुसरे मांडण्यात आले. विवरणपत्र मुदतीनंतर भरले तर कराचा परतावा नाकारला जाईल, अशी एक तरतूद मूळ मसुद्यात होती. आजारपण किंवा अशाच एखाद्या अडचणीमुळे मुदत चुकलेल्या करदात्याचे हक्काचे पैसे तिच्यामुळे बुडाले असते. समितीने ती काढायला सांगितले आणि ती निघाली. दुसरे विधेयक मात्र ज्या दिवशी मांडले गेले त्याच दिवशी लोकसभेत संमत झाले. समितीने कित्येक महिने खपून तपासलेल्या कायद्यावर सभागृहाने थोडी तरी चर्चा करायला हवी होती, असे मला वाटते. समिती हा चर्चेला पर्याय नव्हे.

भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेसह फौजदारी कायद्यांची तीन विधेयके ऑगस्ट २०२३ मध्ये गृह मंत्रालयाच्या स्थायी समितीकडे गेली. तिचा अहवाल नोव्हेंबरमध्ये आला, डिसेंबरमध्ये जुनी विधेयके मागे घेऊन नवी मांडली गेली आणि त्याच महिन्यात ती संमतही झाली. व्यभिचाराचा गुन्हा स्त्री-पुरुष असा भेद न करता पुन्हा आणावा आणि संमतीविना केलेल्या अनैसर्गिक कृत्यांसाठी कलम ३७७ सारखी तरतूद ठेवावी, या समितीच्या दोन शिफारशी सरकारने स्वीकारल्या नाहीत. स्थायी समितीच्या शब्दाचे मूल्य मन वळविण्यापुरते असते, ते असे.

वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण विधेयकाची कहाणी याहून लांबली. डिसेंबर २०१९ मध्ये ते संयुक्त समितीकडे गेले, समितीच्या ७८ बैठका झाल्या, दोन वर्षांनी ८१ दुरुस्त्या सुचविणारा अहवाल आला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने विधेयकच मागे घेतले. त्याच्या जागी २०२३ मध्ये आलेले नवे, बरेच आटोपशीर विधेयक कोणत्याही समितीकडे न पाठविता संमत करण्यात आले. आधीचा अभ्यास वाया गेला असे म्हणता येणार नाही, पण नव्या मजकुराची तपासणी झाली नाही, हेही तितकेच खरे आहे.

जी विधेयके समितीकडे गेलीच नाहीत

चौदाव्या लोकसभेत सुमारे ६० टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती आणि पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के. सोळाव्या लोकसभेत हे प्रमाण साधारण एक चतुर्थांशावर आले आणि सतराव्या लोकसभेत १६ टक्क्यांपर्यंत घसरले. प्रत्येक छोट्या दुरुस्ती विधेयकाला समितीची गरज नसते, हे खरे आहे. परंतु लाखो लोकांच्या उपजीविकेशी किंवा हक्कांशी संबंध असलेली विधेयकेही या घसरणीत सापडली आहेत.

आधारचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आधारची रचना कायद्याच्या चौकटीत आणणारे पहिले विधेयक २०१० मध्ये आले, तेव्हा यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील वित्त विषयक स्थायी समितीने ते त्या स्वरूपात स्वीकारण्यास डिसेंबर २०११ मध्ये नकार दिला. मार्च २०१६ मध्ये नवे विधेयक धनविधेयक म्हणून मांडले गेले आणि समितीकडे न जाता दोन आठवड्यांच्या आत त्याचे संसदेतील सोपस्कार पूर्ण झाले. राज्यसभेने सुचविलेल्या दुरुस्त्या लोकसभेने त्याच दिवशी नाकारल्या.

सप्टेंबर २०२० मधील तीन कृषी विधेयकांचे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते. राज्यसभेत ती प्रवर समितीकडे पाठविण्याची मागणी झाली होती. २० सप्टेंबर रोजी प्रचंड गोंधळात ती आवाजी मतदानाने फेटाळली गेली आणि त्यांतील दोन विधेयके त्याच गोंधळात संमत झाली. पुढे शेतकरी दिल्लीच्या सीमांवर बसले, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती दिली आणि स्वतः एक समिती नेमली. शेतकरी संघटनेचे अनिल घनवट हे तिचे एक सदस्य होते. त्या समितीने शेतकरी संघटनांचे, बाजार समित्यांचे, व्यापाऱ्यांचे आणि राज्यांचे म्हणणे मागविले. ते कायदे चांगले होते की वाईट, यावर महाराष्ट्रातील शेतकरी नेत्यांमध्येही दोन मते होती आणि त्या वादात मी इथे शिरत नाही. जे ऐकून घेण्याचे काम कायदा होण्यापूर्वी संसदेच्या समितीने करायला हवे होते, ते कायदा झाल्यानंतर न्यायालयाने नेमलेल्या समितीला करावे लागले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिन्ही कायदे संसदेने रद्द केले.

विधेयक समितीकडे जाणे हेही पुरेसे नसते. समितीत कोण बसले आहे, हे पाहावे लागते. मुलींच्या विवाहाचे किमान वय १८ वरून २१ करणारे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षण, महिला व बालके या विषयांच्या स्थायी समितीकडे गेले, तेव्हा विनय सहस्रबुद्धे अध्यक्ष असलेल्या त्या समितीच्या ३१ सदस्यांत स्त्री सदस्य एकच होती. पक्षांनी आपापली नावे वेगवेगळी दिली आणि बेरीज अशी निघाली. समितीला वारंवार मुदतवाढ मिळत गेली आणि सतराव्या लोकसभेबरोबर ते विधेयकही व्यपगत झाले.

विधेयक पाठवायचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर सोडण्याऐवजी पाठविणे हा नियम आणि न पाठविणे हा अपवाद असावा, आणि अपवाद करताना मंत्र्यांनी त्याची कारणे लेखी द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. अनुच्छेद ११८ नुसार सभागृह आपल्या कामकाजाचे नियम स्वतःच करते, त्यामुळे नियमातील एक शब्द बदलला तरी पुरते.

मुंबई आणि नागपूरच्या सभागृहांत

महाराष्ट्राच्या विधिमंडळात महत्त्वाची विधेयके अधूनमधून दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जातात. आपल्याकडे तिला संयुक्त चिकित्सा समितीही म्हणतात, आणि ‘चिकित्सा’ हा शब्द कामाचे स्वरूप नेमके सांगणारा आहे. स्त्रिया व बालकांवरील अत्याचारांविषयीचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडले गेले, संयुक्त समितीकडे गेले आणि वर्षभराने, डिसेंबर २०२१ मध्ये संमत झाले. विशेष जनसुरक्षा विधेयकावरील समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. मूळ मसुद्यातील ‘व्यक्ती आणि संघटना’ या व्यापक शब्दांवर बराच आक्षेप होता. समितीच्या अहवालानंतर कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांचा उल्लेख त्या जागी आला. हा बदल पुरेसा नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. जुलै २०२५ मध्ये विधेयक संमत झाले.

दिल्लीच्या स्थायी समितीत मंत्र्याला प्रवेश नसतो, तर राज्यातील या दोन्ही समित्यांचे अध्यक्षपद मंत्र्यांकडे होते: शक्तीच्या वेळी प्रारंभी तत्कालीन गृहमंत्री आणि जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी महसूलमंत्री. याला जुना पायंडा आहे. १९४८ मध्ये हिंदू कोड बिल प्रवर समितीकडे गेले, तेव्हा कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीच त्या समितीचे नेतृत्व केले होते. त्या बिलाला विरोध सरकारपक्षाच्या आतूनही होता, आणि ते पुढे सरकेना तेव्हा १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. विधेयक पुढे नेण्यासाठी झगडणारा मंत्री आणि बहुमताच्या बळावर ते सहज नेऊ शकणारा मंत्री यांच्या हातातील अध्यक्षपद मात्र सारखे नसते, म्हणून आज समितीचे अध्यक्षपद मंत्री नसलेल्या सदस्याकडे असणे अधिक योग्य ठरेल.

निवेदन पाठवायचे असेल तर

समितीने सूचना मागविल्या की मुदत बहुधा पंधरा दिवसांची असते, म्हणून जाहिरात दिसताच विधेयकाची प्रत उतरवून घ्यावी. निवेदन आवेशपूर्ण असण्यापेक्षा नेमके असावे. खंडाचा क्रमांक, त्यातील सध्याचे शब्द, त्या शब्दांमुळे कोणाचे कसे नुकसान होईल याचे एखादे प्रत्यक्ष उदाहरण, आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत, एवढे एका पानात मांडता येते. ‘हा कायदा अन्यायकारक आहे’ या वाक्याचे समितीला काही करता येत नाही. ‘खंड अमुक मधील १६ महिन्यांऐवजी ३६ महिने करावेत, कारण बाळंतपणानंतरचे आजार वर्षभरानंतरही उद्भवतात’ या वाक्याचे करता येते. समितीपुढे जाऊन प्रत्यक्ष सांगायचे असेल तर तसे निवेदनात आवर्जून लिहावे. एकदा पाठविलेले निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होते आणि गोपनीय मानले जाते, तेव्हा ते समाजमाध्यमांवर किंवा वर्तमानपत्रात प्रसिद्ध करू नये. तसे करणे हा विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो. संसदेच्या समित्या सामान्यतः हिंदी किंवा इंग्रजी भाषेतील निवेदने मागवितात, त्यामुळे आदिवासी पाड्यावरील आशा सेविकेला किंवा ऊसतोड कामगाराला दिल्लीपर्यंत पोहोचायचे तर मध्ये दुभाषी लागतो. विधिमंडळाच्या समितीला मात्र आपले म्हणणे मराठीत, आपल्या शब्दांत लिहून पाठविता येते.